घोडी, मेअर आणि मार्शल

उंब्रजहून पालच्या खंडोबाला निघालेला भाविक देवाच्या वाहनाला घोडा म्हणतो. अश्व म्हणेल तो पुराणिक. वेदांत अश्व आहे, घोडीला वडवा आहे. घोटक संस्कृतात मागाहून शिरला. कानडी कुदुरे, तेलुगू गुर्रमु यांच्याशी काही पंडित त्याचे नाते लावतात. तो वाद मिटलेला नाही. अश्व आणि लॅटिन इक्वस मात्र सख्खे भाऊ. म्हणजे थोरल्या घराण्यातला शब्द पोथीत राहिला आणि पागेत आडवाटेने आलेला टिकला.

इंग्रजांकडेही असेच झाले. जुन्या इंग्रजीत मेअर्ह म्हणजे घोडा, मिएरे म्हणजे घोडी. पुढे नराचा शब्द लोपला, त्याच्या जागी हॉर्स बसला. मादीचा मेअर तेवढा उरला. केल्टिक भाषांत त्याचा भाऊबंद आहे. गॅलेशियन स्वारांकडचा ‘मार्का’ पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने दुसऱ्या शतकात टिपून ठेवला. त्यापलीकडे मंगोल ‘मोरिन्’पर्यंत धागा नेणारे आहेत, पण तो सिद्ध झालेला नाही. जर्मनांच्या तोंडी तर हाच शब्द उतरत उतरत हाडे निघालेल्या भाकड घोडीवर आला.

आम्ही संघटनेची माणसे, शब्दातही आधी हुद्दा पाहतो. जुन्या जर्मनमध्ये मराह म्हणजे घोडा, स्काल्क म्हणजे चाकर. दोन्ही मिळून मार्शल, आपला मोतद्दार. फ्रँक राजांच्या तबेल्यातला हा चाकर चढत चढत सेनापती झाला. आमचा मोतद्दार मात्र खरारा हातात घेऊन तिथेच राहिला. आणि विधानसभेत अध्यक्षांच्या हुकमावरून आमदाराला दंडाला धरून बाहेर नेतो, तोही मार्शलच.