जातें, पाटा आणि टांकी

आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायांत आहिताग्नीच्या अन्त्यविधीचें वर्णन आहे. मृताच्या देहावर त्याचीं यज्ञपात्रें ठेवावयाचीं. उजव्या हातांत जुहू, डाव्या हातांत उपभृत्, याप्रमाणें प्रत्येक पात्राचें स्थान ठरलेलें आहे. लांकडी उखळ व मुसळ हींही त्याच्याबरोबर अग्नींत जातात. परंतु यादीच्या अखेरीस सूत्रकार अपवाद करतो : दृषद् आणि उपला, म्हणजे पाटा व वरवंटा, मुलानें आपल्याकडे ठेवावीं, तांब्यालोखंडाचीं आणि मातीचीं भांडींही ठेवावीं. जन्मभर पुरेल अशी वस्तु घ्यावी, असें हल्लीं पुष्कळ बोललें जातें. येथें तर धन्याच्या जन्माहूनही अधिक टिकणारी वस्तु सूत्रकारानेंच वारसाच्या हवालीं केली आहे. अशी वस्तु टिकते ती कोणाच्या बळावर, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

दृषद् व उपला यांची गणना तैत्तिरीय संहितेनें दहा यज्ञायुधांत केली आहे. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरच्या ज्या पांच हिंसास्थानांचा उल्लेख येतो, त्यांत चुलीच्या पाठोपाठ पेषणी आहे. ग्रंथांचा हा पुरावा बाजूस ठेवला तरी जमीन तेंच सांगते. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठच्या इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरांत धान्य वाटण्याचे खोलगट दगड सांपडले. वाटण्याची क्रिया तेव्हां मागें-पुढें घासण्याची होती. गोल फिरणारें जातें फार पुढचें. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळियांनीं नेवासें येथें जें उत्खनन केलें, त्यांत सातवाहनकालीन थरांत गोल जात्यांच्या तळ्या मिळाल्या. म्हणजे सुमारें दोन सहस्र वर्षें या वस्तूची मूळ घडण बदललेली नाहीं. एवढ्या काळांत राज्यें, नाणीं आणि लिपि कितीदां बदलल्या हें वाचकांस सांगावयास नको.

घडणहि किती साधी! खालची तळी स्थिर, तिच्या मध्यभागीं खिळा. वरच्या तळीच्या तोंडांत आडवी बसविलेली लांकडी मांकडी त्या खिळ्यावर टेकते. कडेला खुंटा. वरची तळी किंचित् उचलून धरली कीं भरड निघते, खालीं बसूं दिली कीं पीठ. दगड सह्याद्रीचाच काळा पाषाण. तो कठीण असून त्याचे कण बारीक असतात, त्यामुळें घडविलेली धार त्यावर बराच काळ राहते.

परंतु बराच काळ म्हणजे सर्वकाळ नव्हे. दळतां दळतां तळ्या गुळगुळीत होतात. मग दाणा चिरडण्याऐवजीं घसरतो, पीठ तापतें, हात भरून येतात. तेव्हां छिन्नी-हातोडीनें तळ्यांस पुनः टांचे पाडावे लागतात. यालाच टांकी लावणें म्हणतात. टांकी लावल्यावर पहिल्या खेपेस कोंडा दळून टाकावयाचा, म्हणजे दगडाची कच पिठांत येत नाहीं. प्रत्येक टांकीबरोबर दगड थोडा झिजतो, आणि त्या झिजण्यानेंच पुनः कामास येतो. सारांश, जातें दगडाच्या कठीणपणानें टिकतें हें अर्धेंच खरें. उरलेला अर्धा भाग टांकी लावणाऱ्याच्या हातांत आहे.

हा हात कोणाचा? टांकणकर किंवा टकारी यांचा. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत टांकणकरांचा धंदा जातीं घडविणें व दुरुस्त करणें हाच दिला आहे. येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शेतकऱ्याचा नांगर नीट करणारे सुतार व लोहार हे बारा बलुत्यांत असून खळ्यावर त्यांचा वांटा ठरलेला असे. परंतु बायकांचें जातें नीट करणाऱ्या टकाऱ्याचें नांव बलुत्यांच्या प्रसिद्ध यादींत येत नाहीं. तो गांवोगांव फिरणारा, गांवांत ज्याचा हक्क नाहीं असा. पुढें इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरत्या जमातींतील माणसें जन्मतःच गुन्हेगार ठरूं लागलीं. हा कायदा देशभर रद्द झाला तो १९५२ सालीं. त्यांतून सुटलेल्या विमुक्त जातींच्या महाराष्ट्रांतील यादींत टकाऱ्यांचें नांव आहे. ज्याच्या टांकीवर घरोघरचें पीठ अवलंबून, त्याच्याकडे संशयानें पाहावयाचें, असा हा व्यवहार होता.

जात्यापुढें बसणाऱ्या स्त्रीचाहि हिशेब मांडला पाहिजे. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रांतील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख आहे. तो कांडण्याच्या प्रसंगाचा आहे, दळण्याचा नव्हे, हा भेद अभ्यासकांनीं लक्षांत ठेवावा. दळतांनाच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. हें धन मोठें खरें, पण तें पहांटेच्या श्रमांतून निघालें आहे. गिरणी आली तेव्हां स्त्रियांनीं जातें सोडलें, यांत त्यांचा दोष काढणें अन्यायाचें होईल. दगड शंभर वर्षें टिकला, पण ओढणारीचे खांदे टिकले काय, हा प्रश्न विचारल्यावांचून टिकाऊपणाची स्तुति करूं नये.

गिरणीनें टांकी मात्र संपविली नाहीं. दगडी चक्कीच्या तळ्यांसहि टांचे पाडावेच लागतात. म्हणून कोणतीहि वस्तु आयुष्यभरासाठीं घेतांना तिचा कठीणपणा पाहावा, तिच्या श्रमाचा भार कोणावर पडतो तें पाहावें, आणि ती बिघडली असतां नीट करणारा मनुष्य जवळपास आहे काय व त्याचें पोट त्या कामावर भरतें काय, तेंहि पाहावें. सूत्रकारानें दगड कोणीं ठेवावा हें सांगितलें; त्याला टांकी कोणीं लावावी हें सांगितलें नाहीं.

आमची वाचकांस एक विनंति आहे. अंगणांत किंवा परसांत पडलेल्या जुन्या जात्यांचीं मापें, दगडाची जात व टांच्यांची आकृति टिपून ठेवावी. आणि टांकी लावणारें एखादें वृद्ध माणूस अद्यापि भेटत असेल, तर त्याच्याजवळ बसून त्याचे शब्द, त्याचीं हत्यारें, त्याच्या फिरतीच्या वाटा व त्यास मिळणारी मजुरी हीं अगोदर लिहून घ्यावीं. दगड आणखी कांहीं वर्षें थांबेल.