सागरी मत्स्यालयातील ओव्हरफ्लो

ओव्हरफ्लो म्हणजे सागरी मत्स्यालयाच्या काचटाकीतील पाणी ठरावीक पातळीवरून खाली वाहून नेणारी रचना होय. हे पाणी टाकीखालच्या साठवण टाकीत, म्हणजेच सम्पमध्ये, उतरते; तेथे ते गाळले जाऊन पंपाद्वारे पुन्हा वर चढवले जाते. यामुळे पृष्ठभागावरील तेलकट तवंग निघून जातो. मात्र हीच वाट लहान जलचरांना धोक्याची ठरते आणि ती तुंबल्यास टाकी भरून वाहते.

जलचरांचे संरक्षण

लहान मासे, कोळंबी व गोगलगायी प्रवाहाबरोबर किंवा काचेवरून चढत ओव्हरफ्लोच्या कप्प्यात पडतात. जागा बदलणारे समुद्रफूल तोंडाशी अडकल्यास त्याला इजा होते आणि पाण्याची वाटही बंद होते. म्हणून कप्प्याच्या कडेला दाते व बारीक जाळी बसवतात. जाळीवर शेवाळ साचत असल्याने ती नियमितपणे धुवावी लागते. मुख्य नळ तुंबल्यास उपयोगी पडावा म्हणून थोड्या वरच्या पातळीवर दुसरा आपत्कालीन नळ ठेवतात. एखादा प्राणी दिसेनासा झाल्यास प्रथम हा कप्पा व सम्प तपासतात.

वीज खंडित झाल्यास

पंप थांबल्यावर कडेपर्यंतचे पाणी सम्पमध्ये उतरते. परतीच्या नळाचे तोंड खोल बुडालेले असल्यास सायफन क्रियेने आणखी पाणी खेचले जाते. हे टाळण्यासाठी तोंड पृष्ठभागाजवळ ठेवतात किंवा नळाला पाण्याच्या पातळीलगत लहान छिद्र पाडतात. एकदिशा झडपेत क्षार व कचरा अडकत असल्याने केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नसते. ९० सेंमी लांब व ४५ सेंमी रुंद टाकीतील पातळी ३ सेंमी उतरली, तर सुमारे १२ लिटर पाणी खाली येते. तेवढे पाणी, तसेच नळांतील पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी असावी लागते. पंप मुद्दाम बंद करून याची खात्री करता येते.

क्षारतेचे संतुलन

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनाने केवळ पाणी कमी होते, क्षार टाकीतच राहतात. म्हणून ती तूट क्षारविरहित गोड्या पाण्याने भरतात. सांडलेल्या पाण्याबरोबर मात्र क्षारही जातात. १०० लिटरांपैकी १० लिटर पाणी सांडून त्याजागी गोडे पाणी घातल्यास क्षारता सुमारे ३१.५ ग्रॅमपर्यंत घसरते. असा अचानक बदल अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरू शकतो.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) समुद्रकिनारी उभारले गेले. यवतमाळसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यात मात्र मीठमिश्रणापासून पाणी तयार करावे लागते. त्यामुळे असे तयार पाणी राखीव ठेवणे तेथे विशेष गरजेचे असते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जात असल्याने सम्पमधील पातळीही वारंवार पाहावी लागते.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये समुद्रघोडे व प्रवाळ यांना भारतात संरक्षण आहे.