गोगलगाय म्हणून नोंदलेला आप्त

घराण्याचा कुलवृत्तान्त लिहिताना एक नोंद चुकली, तर सख्खा आप्तही परका ठरतो. प्राणिशास्त्राच्या इतिहासात नेमके हेच घडले. १७७४ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून आलेला, दोन्ही टोकांना निमुळता असा एक इवलासा सागरी जीव गोगलगायींत नोंदला. साठ वर्षांनी, १८३४ साली, नेपल्सच्या कोस्ता यांनी तो पृष्ठवंशीयांच्या जवळचा असल्याचे ओळखले. हाच अँफिऑक्सस. याला ना कवटी, ना मणके. पाठीतून मात्र पृष्ठरज्जूचा लवचिक दंड गेलेला.

१८६६ साली रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी दुसरे नाते उजेडात आणले. खडकाला चिकटून राहणाऱ्या, पिशवीसारख्या ॲसिडियनच्या शेपटीतही डिंभावस्थेत तोच पृष्ठरज्जू असतो, हे त्यांनी दाखविले. डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात या शोधाची आवर्जून दखल घेतली.

पुढील पुरावा गुणसूत्रांतून आला. एखाद्या जनुकाची जादा प्रत निर्माण झाली, की एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीस नवे काम पत्करण्याची मोकळीक मिळते, असा विचार सुसुमु ओहनो यांनी १९७० साली मांडला. १९९४ साली असे दिसले की, शरीराची डोक्यापासून शेपटीपर्यंतची आखणी करणाऱ्या हॉक्स जनुकांचा अँफिऑक्ससमध्ये एकच संच आहे. मनुष्यात असे चार आहेत. २००८ साली त्याचा समग्र जनुकसंच वाचला गेला, तेव्हा उभयतांच्या समान पूर्वजाचे १७ गुणसूत्र-गट ओळखता आले. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत अवघा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला, या मतास त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

तथापि एक सावधगिरी आम्हांस आवश्यक वाटते. अँफिऑक्सस हा आपला पूर्वज नव्हे. तोही आपल्याइतकाच आजचा जीव आहे. शिवाय २००६ च्या रेणवीय अभ्यासाने ॲसिडियनच आपल्या अधिक निकट असल्याचे दाखविले. परंतु त्या निकटच्या भावकीने अनेक जुनी जनुके गमावली आणि उरलेल्यांचा क्रम विस्कटला. दूरच्या भावकीने मात्र जुने दप्तर बरेचसे जसेच्या तसे जपले. नाते जवळचे म्हणून स्मरणही पक्के, असे गृहीत धरणाऱ्या आम्हांस वाळूतला हा जीव विचार करावयास लावतो.