वेठबिगार

मोबदला न देता सक्तीने करवून घेतलेले श्रम. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ पासून प्राकृतमार्गे आला. ‘बिगार’ फार्सी आहे. राज्यकर्त्यांची भाषा बदलली, तरी प्रथा टिकली, याची खूण या जोडशब्दातच आहे.

प्राचीन ग्रीक भाषेतील ‘अंगारेउओ’ हे क्रियापद याच अर्थाचे असून ते इराणी राजदूतवाचक शब्दावरून बनले, असे सामान्यतः मानतात. राजाच्या टपालासाठी माणसे व जनावरे वाटेत अडवून घेतली जात. रोमन सैनिकांनी सायमनकडून येशूचा क्रूस वाहविला, तो प्रसंग मत्तयाने याच क्रियापदाने सांगितला आहे. मराठी बायबलात तेथे ‘वेठीस धरणे’ आले, ते सहजच म्हटले पाहिजे.

कौटिल्याने सैन्याच्या छावण्या, रस्ते व विहिरी यांची कामे विष्टीत घातली आहेत. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधताना विष्टीने प्रजेस पिडले नाही, अशी प्रौढी रुद्रदामनाच्या जुनागढ येथील शिलालेखात (इ. स. १५०) आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत दान दिलेली गावे विष्टीतून मुक्त केलेली आढळतात. मराठेशाहीतील सनदांतही अशी माफी येते. म्हणजे वेठीची बरीचशी साक्ष सवलतीच्या कागदांतून मिळते आणि हे कागद बहुधा दान घेणाऱ्याचे असत. ओझे वाहणाऱ्याच्या नावे ताम्रपट निघाला नाही.

गवत-लाकूड वाहणे, किल्ल्यांची डागडुजी, सरकारी टपाल पोचविणे यांचा मोठा भार महारांवर पडे. त्याबद्दल वतनी जमीन व बलुते मिळे, म्हणून ही वेठ नव्हे, असा युक्तिवाद होई. तो टिकणारा नाही. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि वतनदार हजर नसल्यास घरातील कोणासही राबविले जाई. हेच दाखवून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. निजामी अमलात दौऱ्यावरील अंमलदाराचे सामान वाहणे, त्यास जळण-चारा पुरविणे ही कामे गावकऱ्यांच्या माथी येत. शेजारच्या तेलंगणात हीच ‘वेट्टी’ १९४६–५१ च्या शेतकरी उठावाचे एक प्रमुख कारण ठरली. संस्थान १९४८ मध्ये भारतात आले, १९४९ मध्ये जहागिरी संपल्या आणि संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगार निषिद्ध केली.

कर्जापोटी राबविण्याची प्रथा मात्र उरली. तिच्याविरुद्ध १९७६ चा कायदा झाला. पाडव्याला उचल घेऊन वर्षभर बांधला जाणारा सालगडी, उचल न फिटल्यास पुढील सालासही अडके. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनाहून कमी मजुरीवर करवून घेतलेले कामही सक्तीचे श्रम ठरविले; दंडुक्याप्रमाणे पोटाची भूकही सक्ती करते, हे त्यात प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले.