ड्रम अँड बास म्हणजे काय? सात सेकंदांच्या ठेक्यावर उभं राहिलेलं संगीत आणि त्याचे डीजे

१९९६ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्पेन्सर यांच्याशी एका संगीत कंपनीच्या अधिकाऱ्याने संपर्क साधला. स्पेन्सर यांच्या 'द विन्स्टन्स' या बँडने १९६९ मध्ये रेकॉर्ड केलेल्या 'आमेन, ब्रदर' या गाण्याची मूळ टेप त्याला हवी होती. या गाण्यातला जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा तोपर्यंत शेकडो गाण्यांत वापरला गेला होता. ब्रिटनमध्ये तर त्याच्या आधाराने एक नवा संगीतप्रकार उभा राहिला होता. स्पेन्सर यांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं.

हा संगीतप्रकार म्हणजे ड्रम अँड बास. तो ऐकायचा कसा, तो आला कुठून आणि त्याचे डीजे मंचावर नेमकं काय करतात, हे समजून घेऊया.

ड्रम अँड बास ओळखायचं कसं?

पहिली खूण म्हणजे वेग. क्लबमध्ये वाजणारं हाऊस संगीत मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांचं असतं. ड्रम अँड बास १६० ते १८० च्या घरात चालतं आणि आजची बहुतेक गाणी १७४ च्या आसपास असतात. ठोक्यांच्या या मापाला बीपीएम म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे ठेका. हाऊसमध्ये प्रत्येक मात्रेवर 'धप्' असा जड ठोका पडतो. इथे तसं होत नाही. चार मात्रांच्या आवर्तनात जड ठोका पहिल्या मात्रेवर पडतो आणि पुढचा थेट तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या मधोमध. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा कडक फटका असतो. त्यामुळे ठेका सतत पुढे धावतोय असं वाटतं.

तिसरी खूण म्हणजे बास, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज. ड्रम धावत असताना बास बऱ्याचदा निम्म्या लयीत चालतो. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर वर दुगुन सुरू असते आणि खाली ठाय. म्हणूनच या गाण्यांवर काहीजण जोरात नाचतात, तर काहीजण नुसती मान डोलावतात आणि दोघांचीही लय बरोबर असते. हा बास इतका खालचा असतो की मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. चांगला हेडफोन नसेल तर अर्धं गाणं हातचं जातं.

सुरुवात कुठे झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि आसपासच्या बेटांवरून अनेक कुटुंबं ब्रिटनमध्ये स्थायिक झाली. त्यांच्यासोबत साउंड सिस्टिमची परंपराही आली. मोठमोठे स्पीकर रचायचे, रेगे आणि डबच्या तबकड्या लावायच्या आणि माइकवर एकाने बोलत राहायचं, असा हा प्रकार. १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये 'रेव्ह' पार्ट्यांची लाट आली, तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

लंडनच्या 'हेवन' क्लबमध्ये 'रेज' नावाची साप्ताहिक रात्र भरायची. तिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर या दोन डीजेंनी तुटक ड्रमची गाणी अधिकाधिक वेगात वाजवायला सुरुवात केली. त्यातून आधी 'जंगल' आणि पुढे ड्रम अँड बास आकाराला आलं. मोठी रेडिओ स्टेशनं हे संगीत लावत नव्हती. इमारतींच्या गच्चीवर अँटेना लपवून चालवलेल्या कूल एफएमसारख्या बेकायदा स्टेशनांनी ते घराघरात पोचवलं.

१९९४ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदाच केला. उघड्यावर रात्री १०० किंवा जास्त माणसं जमवून मोठ्या आवाजात संगीत वाजवलं आणि स्थानिकांना त्याचा गंभीर त्रास होणार असेल, तर पोलिसांना तो जमाव हटवता येऊ लागला. एकामागून एक पडणारे तेच ते ठोके हेही संगीत, असा उल्लेख या कायद्यात खास करण्यात आला.

तरीही हे संगीत थांबलं नाही. १९९५ मध्ये गोल्डीचा 'टाइमलेस' हा अल्बम आला. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि 'रेप्रेझेंट' या गटाच्या 'न्यू फॉर्म्स'ला ब्रिटनचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

त्या सात सेकंदांचं काय झालं?

'आमेन, ब्रदर' हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूच्या 'कलर हिम फादर'ने नाव कमावलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. मागच्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन एकटे चार आवर्तनं वाजवतात. हाच तो 'आमेन ब्रेक'.

१९८६ मध्ये हे गाणं डीजेंसाठी काढलेल्या एका संग्रहात आलं आणि आधी अमेरिकेतल्या हिप हॉपवाल्यांनी ते उचललं. मग ब्रिटनमधल्या तरुणांनी सॅम्पलर या यंत्रात तो तुकडा घेतला, त्याचा वेग वाढवला, एकेक ठोका सुटा केला आणि वेगळ्या क्रमाने जोडला. अशा प्रकारे एकाच तुकड्यातून हजारो ठेके तयार झाले. घरातल्या एका खोलीत, ड्रम वाजवता येत नसलेल्या मुलांनी हे केलं. या संगीताचं मोठेपण यात आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. या वापराची रॉयल्टी ना हक्कधारक स्पेन्सर यांना मिळाली, ना कोलमन यांना. स्पेन्सर यांना हे कळलं तोवर कायदेशीर दाव्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी लोकवर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले आणि स्पेन्सर यांना दिले. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. कोलमन यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचू शकलं नाही. ते २००६ मध्येच अटलांटा शहरात वारले. अखेरच्या काळात त्यांना राहायला घरही नव्हतं.

डीजे नेमकं करतो काय?

आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. इथे डीजे म्हणजे माणूस. त्याच्यासमोर दोन किंवा तीन डेक असतात, मध्ये मिक्सर असतो आणि कानाला हेडफोन. लोक एक गाणं ऐकत असतात, तेव्हा तो हेडफोनमध्ये पुढचं गाणं तयार करत असतो.

पहिलं काम लय जुळवण्याचं. एक गाणं १७२ बीपीएमचं आणि दुसरं १७४ चं असेल, तर पहिल्याचा वेग साधारण १.२ टक्के वाढवावा लागतो. त्यासाठी डेकवर एक सरकपट्टी असते. आता हे काम एक बटण दाबूनही होतं, पण कानाने जुळवता येणं आजही कौशल्य मानलं जातं.

दुसरं काम वेळ साधण्याचं. ही गाणी १६ किंवा ३२ आवर्तनांच्या टप्प्यांत बांधलेली असतात. १७४ च्या वेगात ३२ आवर्तनं अवघ्या ४४ सेकंदांत संपतात. टप्पा संपताना ताण वाढत जातो आणि मग ड्रम व बास एकदम कोसळतात. याला 'ड्रॉप' म्हणतात. समेवर येण्याची वाट बघणाऱ्या श्रोत्याला ही उत्सुकता नवी नाही.

दोन गाण्यांचे बास एकत्र वाजले तर आवाजाचा नुसता गोंधळ होतो. म्हणून डीजे मिक्सरवर एकाचा बास कापतो आणि नेमक्या क्षणी दुसऱ्याचा उघडतो. काही वेळा मात्र दोन गाण्यांचे ड्रॉप मुद्दाम एकाच क्षणी आणले जातात. या 'डबल ड्रॉप'साठी अँडी सी हा डीजे विशेष ओळखला जातो.

गर्दीने एखादा ड्रॉप फारच उचलून धरला तर डीजे गाणं थांबवून तबकडी मागे फिरवतो आणि पुन्हा सुरुवात करतो. हा 'रिवाइंड' जमैकाच्या साउंड सिस्टिममधूनच आला. गर्दीशी माइकवरून बोलणारा एमसीही तिथलाच.

भारताशी काय नातं?

लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये गोल्डीच्या 'मेटलहेड्झ' लेबलची रविवारची मैफल जमायची. त्याच क्लबमध्ये तबलावादक तलविन सिंग 'अनोखा' ही रात्र चालवायचे. तबला आणि ड्रम अँड बास यांचा मेळ घालणाऱ्या त्यांच्या 'ओके' या अल्बमला १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी 'टॅबला बीट सायन्स' या गटाचा 'ताला मॅट्रिक्स' आला. त्यात तलविन यांच्यासोबत मुंबईचे झाकीर हुसेन आणि ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू होते.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

- सुरावट आवडत असेल तर 'लिक्विड' ऐका. एलटीजे बुकेम यांचं काम आणि ब्राझीलचा डीजे मार्की यांचं 'एलके' इथे जवळचं वाटेल.
- काळोखी, यंत्रासारखा आवाज हवा असेल तर 'न्यूरोफंक' ऐका. एड रश आणि ऑप्टिकल यांचा १९९८ चा 'वर्महोल' हा त्यातला पायाभूत अल्बम आहे.
- रॉककडून येणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या 'पेंड्युलम'चा 'होल्ड युअर कलर' (२००५) घ्यावा.
- मुळाकडे जायचं तर जुनं जंगल आहेच. नव्या पिढीत निया आर्काइव्हज या गायिकेने ते पुन्हा लोकप्रिय केलं आहे.

डीजेचा सेट आवडला, तर त्यातल्या गाण्यांची नावं शोधा. वाजवणारा एक असतो आणि गाणी बनवणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणं विकत घेतलं की पैशांचा मोठा वाटा थेट त्यांच्याकडे जातो.

आणि एकदा मूळ 'आमेन, ब्रदर'ही लावा. दीड मिनिट व्हायच्या जरा आधी सगळी वाद्यं थांबतात. पुढचे सात सेकंद फक्त ग्रेगरी कोलमन वाजवत असतात.