धूर, दारू आणि दोष

आगीत माणूस दगावला की आपण सहज म्हणतो, "जळून मेला." मरणारा मजूर असला तर त्याच दमात दुसरे वाक्य येते, "प्यायलेला असेल." ही दोन्ही वाक्ये तपासून पाहावीत, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे. जुन्नर-आंबेगावला हा विषय परका नाही. या तालुक्यांतील कितीएक माणसे मुंबईस गेली, गिरण्यांत राबली, डबे वाहिले आणि दाटीच्या खोल्यांतून निजली.

प्रथम पहिले वाक्य घेऊ. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला व ५७ माणसे मेली. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने तेथे जाऊन प्रेते तपासली. त्याला असे आढळले की बहुतेक माणसे स्फोटाच्या धक्क्याने वा ज्वाळांनी मेली नव्हती, तर नंतर पसरलेल्या विषारी वायूने मेली होती. हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड होय. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने तो रक्ताला चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत नाही. माणूस आधी गोंधळतो, मग त्याचे पाय लुळे पडतात आणि शेवटी तो बेशुद्ध होतो. हॉल्डेनच्याच सांगण्यावरून खाणीत लहान पक्षी नेण्याची चाल पडली, कारण माणसाच्या आधी पक्षी कोसळतो.

आता तर फोमच्या गाद्या, नायलॉन व प्लॅस्टिक घरोघर आले आहे. फोम व नायलॉन जळताना सायनाइडचाही वायू सुटतो. म्हणून ज्वाळा दाराशी येण्यापूर्वीच धूर आपले काम उरकतो. शवचिकित्सेत श्वासनळीत काजळी व रक्तात हा वायू सापडला, तर आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता व धूर ओढत होता, हे कळते.

आता दुसरे वाक्य. दारूने झोप जड होते, खोकला व आरोळी ऐकू येत नाही, जाग आली तरी दार कोणीकडे हे उमगत नाही. बिडी हातातून गळून अंथरूण पेटते ते निराळेच. देशोदेशींच्या तपासण्यांत आगीत मेलेल्या पुष्कळ प्रौढांच्या रक्तात दारू सापडलेली आहे. हे सत्य चळवळीने झाकू नये. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांना विरोध केला होता. कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचेच सहकारी. लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले.

परंतु दारू हे मृत्यूचे एक कारण असणे निराळे, आणि मालकाची सुटका होणे निराळे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताला भरपाई नाही, असे कलम होते. मेलेल्याच्या विधवेलाही ते लागू पडे. पुढे व्हिटली आयोग नेमला गेला. ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. त्या आयोगाच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ साली कायदा बदलला. कामगार मेला असेल, तर तो प्यायला होता ही सबब चालेनाशी झाली. १९९५ साली कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही हेच संरक्षण मिळाले. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यातही हे संरक्षण कायम आहे. तेव्हा "प्यायलेला होता" असे सांगून विधवेला कोणी परत धाडील, तर तिने परत फिरू नये.

शिवाय निर्व्यसनी माणसाला तरी धूर कोठे सोडतो? १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले कामगार अडकले व बारा जण गेले. अकरा दिवसांनी कमला मिलच्या आवारातील मद्यगृहात चौदा माणसे गेली. त्यांतील बहुतेक गुदमरून मेली. तेथे चौकशी झाली ती जळाऊ छपराची, अडवलेल्या वाटांची व परवान्यांची. ग्राहकांच्या पेल्यांवर कोणी खापर फोडले नाही, आणि तेच योग्य झाले. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात पाच कामगार मेले. ते आत निजले होते आणि दरवाजा बाहेरून बंद होता. शुद्धीवरचा माणूसदेखील बाहेरचे कुलूप आतून कसे उघडणार?

जो न्याय मद्यगृहातल्या ग्राहकाला, तोच दुकानात निजणाऱ्या नोकराला लागू व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्या जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या पेठांत ज्या दुकानात वा गाळ्यात माणसे रात्री निजत असतील, तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. दार आतून उघडते काय? दुसरी वाट आहे काय? पोटमाळ्याखाली गॅस वा तेलाचे डबे साठवले आहेत काय? थंडीत बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कोणी निजू नये, कारण तोच वायू तेथेही असतो. धूर कोंडला तर उभे न राहता जमिनीलगत सरपटत बाहेर पडावे, कारण गरम धूर आधी वर साठतो.

दारू सोडा, असे आम्ही कामगाराला सांगत आलो आहोत आणि पुढेही सांगू. पण कुलूप काढा, हे मालकाला सांगण्याचे काम तेवढ्याने संपत नाही.