काळी खार, जांभळं शेकरू

ग्योटिंगेनच्या जुन्या तटबंदीवर आता फिरायची वाट आहे. एका ऑक्टोबरात तिथे झाडाच्या बुंध्यावर एक खार दिसली, शेपटीपासून कानांपर्यंत काळीभोर. सोबत शेजारच्या आजी होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "ही आपली नव्हे. ही अमेरिकन. आपल्या तांबड्या खारींना हुसकून लावतात या." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या "आपल्या"मध्ये मलाही धरलं होतं, त्याचंच अप्रूप वाटत होतं.

घरी येऊन वाचलं, तर आजी चुकल्या होत्या. जर्मनीच्या जंगलात अमेरिकन करडी खार नाहीच. ती आहे इंग्लंडात, १८७६ साली चेशरमधल्या एका जमीनदारी बागेत सोडलेली, आणि इटलीत, १९४८ साली तुरिनजवळ आणलेली. इंग्लंडात तिने तांबड्या खारीचं काय केलं, हे इथल्या वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतं, त्यामुळे लोक धास्तावलेले असतात. जर्मन खार मात्र एकाच जातीत केशरी, तपकिरी, काळी अशी सगळ्या रंगांत जन्मते. एकाच घरट्यात तांबडं पिल्लू आणि काळं पिल्लू शेजारी असू शकतं. डोंगराळ भागात, सूचिपर्णी जंगलांत काळ्यांचं प्रमाण जास्त, म्हणून हार्त्स पर्वताच्या बाजूला त्या नवलाईच्या नाहीत. ओळख सोपी आहे: रंग कुठलाही असो, पोट पांढरं.

खारीच्या रंगावरून परकेपणा ठरवण्याआधी जर्मनांनी त्याच रंगावरून भाव ठरवला होता. मध्ययुगात ल्युबेक आणि इतर हान्सा शहरांचे व्यापारी रशियातल्या नोव्हगोरोदहून खारीची कातडी पिंपं भरभरून आणत. उत्तरेकडच्या थंडीत तीच आपली तांबडी खार राखाडी होते, आणि त्या राखाडी पाठीला खरी किंमत. तिला जर्मनमध्ये 'फे' म्हणतात, जुन्या भाषेत त्याचा अर्थ रंगीबेरंगी. राखाडी पाठ आणि पांढरं पोट आलटून पालटून शिवलं की उमरावांच्या झग्याचं अस्तर तयार व्हायचं. घराण्यांच्या ढालींवर निळ्या-पांढऱ्या घंटांसारखी नक्षी दिसते ना, ती याच अस्तराची. म्हणजे ढालीवर खारच बसलेली, फक्त ओळखू येत नाही.

आपल्या शेकरूची गोष्टही याच गावात घडली, हे मला त्या वाचनात कळलं.

योहान क्रिस्तियान पॉलिकार्प एर्क्सलेबेन हा ग्योटिंगेन विद्यापीठातला प्राध्यापक. जन्म १७४४, हार्त्सच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग गावात. त्याची आई डोरोथेआ १७५४ साली हाल विद्यापीठातून वैद्यकीची डॉक्टरेट मिळवणारी जर्मनीतली पहिली स्त्री, तेव्हा हा दहा वर्षांचा. (आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली, तुलना करायची नाही, पण मनात आल्याशिवाय राहत नाही.) मुलाने १७७१ साली ग्योटिंगेनला पशुवैद्यकाचं विद्यालय काढलं, पदार्थविज्ञानाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि १७७७ साली प्राण्यांच्या वर्गीकरणाचा लॅटिन ग्रंथ छापला. त्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, तो गेला.

त्या ग्रंथात एक नोंद आहे: स्कियुरस इंडिकस, मुंबईकडची मोठी खार. एर्क्सलेबेन भारतात कधीच आला नाही. त्याच्यापुढे होतं ते थॉमस पेनंट या वेल्श निसर्गअभ्यासकाने १७७१ साली केलेलं 'बॉम्बे स्क्विरल'चं वर्णन. तेवढ्यावर शेकरूचं बारसं झालं. पुढे कुळ बदललं, आज नाव रतुफा इंडिका आहे, पण त्यापुढे कंसात एर्क्सलेबेन आणि १७७७ हे अजून लिहावं लागतं.

त्याच वर्षी जवळच्या ब्राउनश्वाइगमध्ये त्सिमरमान नावाच्या प्राध्यापकाने याच प्राण्याला स्कियुरस पुर्पुरेउस म्हटलं, म्हणजे जांभळी खार. त्याची चेष्टा करायचं कारण नाही. ज्याने पावसानंतरच्या कोवळ्या उन्हात शेकरूची पाठ पाहिली आहे, त्याला विचारा. तो गडद तपकिरी, त्यात लाल, आणि कडेला खरोखरच जांभळट असतो. नाव मात्र टिकलं ते एर्क्सलेबेनचंच.

मग रंगावरून नावं पडतच गेली. कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या घाटातल्या शेकराला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. भीमाशंकरच्या शेकराला अजून तेच चिकटलेलं आहे, जरी ती खरोखर वेगळी उपजात की एकाच जातीतली रंगछटा, यावर अभ्यासक भांडतात. १८९७ साली ब्लॅनफर्डने डांगच्या जंगलातल्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या शेकराला डिआल्बाटा म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चुना फासलेली. सह्याद्रीच्या उत्तर टोकाचं, आपल्या नाशिकला लागून असलेलं ते जंगल विसाव्या शतकात तुटत गेलं, आणि ती फिकट शेकरं संपली असं मानतात. संग्रहालयातली कातडी उरली. वेगळी जात होती की नाही, हा वाद आता कातड्यांवरच चालवायचा.

पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा भेटल्या. काळी खारही होती, अक्रोड उकरत. मी म्हटलं, "जरा पोट बघा." त्यांनी चष्मा सारखा केला. खार दोन पायांवर उभी राहिली, पोट दुधासारखं.

"अरेच्चा, म्हणजे आपलीच की," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुमच्याकडे कुठल्या रंगाच्या असतात?"

मी फोनवर भीमाशंकरच्या शेकराचा फोटो काढून दाखवला: पाठ तांबूस-जांभळी, पोट पिवळसर, लांबलचक शेपटी फांदीवरून लोंबणारी. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि फोन परत दिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण रंग कुणीतरी मागून भरलाय."